वृक्षावरील आमरी ते गॅलरीतील ऑर्किड : वसई-विरार परिसराच्या संदर्भात गृहसंगोपनाचा इतिहास

प्रस्तावना

वसई-विरार परिसराच्या सामाजिक व आर्थिक इतिहासात बागायतीचे स्थान मध्यवर्ती आहे. केळी, नागवेल, ऊस आणि फुले यांच्या निमित्ताने येथील वाडीसंस्कृतीचा विचार पुष्कळदा होतो. या परिसरातील इमारतींच्या गॅलरीत आज दिसणाऱ्या ऑर्किडकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून सहसा पाहिले जात नाही. ही श्रीमंती हौस आहे, परदेशी फूल आहे, फार तर भेटवस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. मराठीतील वनस्पतिशास्त्रीय लेखनात ज्यांना ‘आमरी’ म्हणतात त्या ऑर्किडवर्गातील अनेक जाती कोकण व सह्याद्रीच्याच आहेत. त्यांना परदेशी मानण्याचे कारण एवढेच की त्यांच्या संगोपनाचे ज्ञान परदेशात लिहिले गेले आणि तेथून परत आले.

प्रस्तुत लेखात या ज्ञानाच्या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. ऑर्किड घरी का मरते, या साध्या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी काचघरांत जसे सापडते, तसेच वसईच्या मोडत गेलेल्या वाड्यांतही सापडते. दोन्ही ठिकाणी प्रश्न हवामानाचा आहे. वनस्पती कोणत्या ऋतूत वाढते, कोणत्या ऋतूत विसावते आणि कोणत्या ऋतूत तिला पाणी नको असते, हे ज्ञान नाहीसे झाले की उत्तम खत आणि उत्तम कुंडी यांचा काही उपयोग होत नाही.

फुलाआधीचा परिचय : सालममिश्री आणि रास्ना

मराठी घराची आमरीवर्गाशी जुनी ओळख फुलातून नव्हे, औषधाच्या डब्यातून झाली. हिवाळ्यातील पौष्टिक लाडवांत आणि बाळंतिणीच्या खाण्यात घातली जाणारी सालममिश्री म्हणजे भूचर आमरींचे वाळवलेले कंद होत. यातील बराच माल उत्तरेकडून व इराण-अफगाणिस्तानाकडून व्यापारी मार्गांनी येत असे. गांध्याच्या दुकानातून पुडी आणणाऱ्या गृहिणीला हे कंद कोणत्या फुलाचे, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

दुसरी ओळख रास्नेची. आयुर्वेदातील रास्ना नेमकी कोणती, हा वाद जुना आहे. उत्तरेत एक झुडूप, दक्षिणेत कोलिंजनाच्या वर्गातील मुळे, तर बंगालमध्ये व अन्य काही भागांत झाडावर वाढणाऱ्या वांडा या आमरीची मुळे रास्ना म्हणून वापरली गेली. ‘वांडा’ हे जगभर चालणारे शास्त्रीय नाव मूळ संस्कृतच आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात ‘वन्दा’, ‘वन्दाक’ म्हणतात. तोच शब्द सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उचलला आणि तो वनस्पतिशास्त्रात रूढ झाला.

या शब्दाबरोबर एक गैरसमजही चालत आला. मराठीतील बांडगूळ हे खरे परोपजीवी आहे, ते आश्रयवृक्षाचा रस शोषते. आमरी तसे काही करीत नाही. तिची मुळे सालीला केवळ धरून असतात आणि अन्नपाणी पावसातून, धुक्यातून व सालीत साठलेल्या कुजक्या पाल्यातून मिळवतात. परंतु झाडावर वाढणारे ते सारे बांडगूळच, या समजुतीने वाडीतील आंब्याच्या फांदीवरची आमरी कोयत्याने खरवडून काढली जाणे स्वाभाविक होते. विशेष म्हणजे आरंभीच्या युरोपीय बागकाम करणाऱ्यांचीही हीच चूक झाली. तेही या वनस्पतींना परोपजीवीच म्हणत.

लिखित नोंदींचा आरंभ

इ. स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली. या दोन शतकांत पश्चिम किनाऱ्यावर काजू, अननस, पपई, मिरची अशा अमेरिकी वनस्पती स्थिरावल्या. वसईच्या अमलाखालील मुंबई बेट सोळाव्या शतकाच्या मध्यास ज्याला खंडाने मिळाले, तो वैद्य गार्सिया द ओर्ता याने औषधी द्रव्यांवरील आपले संवाद १५६३ मध्ये गोव्यात छापले. वनस्पतीकडे पाहण्याची त्या काळाची दृष्टी अशी होती: जिला व्यापारात वा औषधात मोल आहे ती नोंदवण्याजोगी. शोभेच्या फुलासाठी झाड जगवणे हा त्या चिकित्सेचा विषय नव्हता.

आमरीला पहिले सविस्तर स्थान मिळाले ते डच अमलातील कोचीनमध्ये. हेन्ड्रिक व्हान रीड याच्या ‘होर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यांच्या अखेरच्या खंडात वृक्षवासी आमरींची चित्रे व वर्णने आहेत. मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा या ग्रंथाचा एक विशेष आहे. त्याच्या पहिल्या खंडात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्या साक्षीबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांची १६७५ मधील साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. माहिती देणाऱ्या माणसांना नावानिशी ग्रंथात स्थान मिळाले. पुढील दोनशे वर्षांत मुंबई इलाख्यातील वनस्पतिग्रंथांनी स्थानिक नावे अधूनमधून दिली, पण ती सांगणाऱ्या माणसांना असे मानाचे स्थान दिले नाही. झाडावर चढून आमरी उतरवून देणारे, ती कोणत्या वृक्षावर व कोणत्या महिन्यात फुलते हे जाणणारे वनवासी लोक या इतिहासात जवळजवळ अनामच राहिले.

रीडच्या ग्रंथात ‘अंजेली मारावारा’ या नावाने जी आमरी येते, तिच्या आधारे लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. आज ती र्‍हिंकोस्टायलिस रेट्युसा या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिला सीतेची वेणी म्हणतात. ग्रीष्माच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आसपास, गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा लांब घोस फांदीवरून खाली लोंबतो, तेव्हा हे नाव किती नेमके आहे ते कळते. फुले माळण्याची परंपरा ज्या समाजांत दृढ आहे, त्यांनाच असे नाव सुचणार.

काचघरातील चूक

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये ऑर्किडचे वेड पसरले. नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास बंद काचपात्रात रोप दीर्घकाळ जगते असे आढळले. त्यातून निर्माण झालेल्या काचपेटीमुळे समुद्रप्रवासात रोपे खाऱ्या वाऱ्यापासून वाचू लागली. १८४५ मध्ये काचेवरील कर उठला आणि काचघर बांधणे स्वस्त झाले. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच काळात शेकडो नव्या ऑर्किडांची वर्णने केली. त्यात आपल्याकडील आमरीही आहेत: डेंड्रोबियम बार्बाट्युलमचे वर्णन १८३० मधले, एरिडिस क्रिस्पाचे १८३३ मधले आणि एरिडिस मॅक्युलोसाचे १८४५ मधले.

तथापि, ज्या वेगाने झाडे येत होती त्याच वेगाने ती मरत होती. उष्ण कटिबंध म्हणजे बारमाही वाफाळलेले, कोंदट अरण्य, अशी इंग्रज माळ्यांची कल्पना होती. त्या कल्पनेनुसार भट्टीने तापवलेली, बंद खिडक्यांची, सतत ओलसर काचघरे बांधली गेली. त्यांत अँडीजच्या थंड उतारावरील आमरी, हिमालयातील आमरी आणि कोकणातील आमरी एकाच वाफेत शिजत राहिल्या. इंग्लंड हे उष्ण प्रदेशातील ऑर्किडांचे स्मशान झाले आहे, अशी टीका तेथेच होऊ लागली. चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टनने १८३० च्या दशकात निरनिराळ्या तापमानाची, खेळत्या हवेची घरे ठेवली, तेव्हा परिस्थिती हळूहळू पालटली. आमरीला उष्णतेपेक्षा हवा खेळती राहण्याची गरज अधिक आहे आणि तिला वर्षातून विश्रांतीचा काळ लागतो, हा धडा हजारो झाडांच्या मोबदल्यात शिकला गेला.

पुढच्या पिढीतील इंग्रजी पुस्तकांनी हा विश्रांतीचा काळ नीट मांडला हे खरे आहे. अडचण अशी, की त्यांतील महिने इंग्लंडचे होते. तेथे विश्रांती म्हणजे अंधारा, थंड हिवाळा आणि वाढ म्हणजे उजेडाचा उन्हाळा. कोकणात वाढ म्हणजे ढगाळ पावसाळा, तर विश्रांती म्हणजे दिवाळीनंतरचे कोरडे, स्वच्छ उन्हाचे महिने. तेथील वेळापत्रक वसईच्या ओट्यावर लावले, तर झाडाला नेमके नको तेव्हा पाणी मिळते.

इलाख्यातील वनस्पतिग्रंथ : एक दुर्लक्षित पंचांग

योग्य वेळापत्रक प्रत्यक्षात उपलब्ध होते, पण ते बागकामाच्या पुस्तकांत नव्हते. जॉन ग्रॅहॅम याची मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तो टपाल खात्यातील अधिकारी होता, व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. अलेक्झांडर गिब्सन हा दापोडीच्या सरकारी उद्यानाचा प्रमुख आणि १८४७ पासून इलाख्याचा वनसंरक्षक होता. त्याने व निकोल डॅलझेल याने मिळून लिहिलेली ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आली. पुण्यातील विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि गणेशखिंडीच्या उद्यानाची धुरा वाहणारे जी. मार्शल वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील बागकामावर लिहिले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लाटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इलाख्यातील आमरींचा नव्याने आढावा घेतला.

या मालिकेतील महत्त्वाचा ग्रंथ १९६६ चा आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि झेड. कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने छापला. सांतापाव मूळचे स्पेनचे. १९२८ मध्ये ते भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषवले आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. हे ग्रंथ वर्गीकरणासाठी लिहिलेले असल्याने घरी झाड जगवू पाहणारा माणूस त्यांच्याकडे वळत नाही. तरीही एखादी आमरी कोणत्या महिन्यात फुलते, कोठे व कशावर वाढते, ही जी माहिती त्यांत कोरडेपणाने दिलेली असते, ती संगोपनाच्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोलाची आहे.

उदाहरणादाखल डेंड्रोबियम बार्बाट्युलम घ्यावे. पावसाळ्यात त्याच्या मांसल कांड्या फुगतात, पाने येतात. पाऊस सरल्यावर पाने गळून पडतात आणि झाड वाळल्यासारखे दिसू लागते. त्यानंतर हिवाळ्याच्या अखेरीस, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, त्या उघड्या कांड्यांवर पांढरी, किंचित जांभळट फुले येतात. ज्या मालकाने पाने गळताना पाहून घाबरून रोज पाणी घातले, त्याच्या झाडाची मुळे तोवर कुजलेली असतात. एरिडिस व सीतेची वेणी यांची पाने गळत नाहीत. ती जाड पानांत पाणी राखून उन्हाळा काढतात आणि पावसाच्या तोंडावर फुलतात. हॅबेनेरियासारख्या भूचर आमरी श्रावण-भाद्रपदात फुलून जमिनीखालच्या कंदात दडून बसतात. उरलेले महिने कुंडीत केवळ माती दिसते आणि ती कोणीतरी फेकून देतो. कोकणाचे चार महिने पाऊस व आठ महिने कोरड हे गणित या वनस्पतींच्या देहातच उतरले आहे.

त्यांची शरीररचनाही हेच सांगते. वृक्षवासी आमरीच्या मुळाभोवती स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पावसाची सर येताच ते पाणी पिऊन हिरवट होते आणि वारा लागला की पुन्हा पांढरे पडते. भिजणे आणि सुकणे हा तिचा श्वासच म्हणावा लागेल. जाड पानांच्या अनेक आमरी पानांवरील रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे पाण्याची बचत होते. असे मूळ मातीत पुरणे म्हणजे ते बुडवणेच होय.

वसईची वाडी आणि तिचे हवामान

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचे वर्णन येते. ऊस, केळी, नागवेल, आले ही या जमिनीची पिके. विहिरीवर रहाट, वाडीच्या सखल भागात गोड्या पाण्याचे बावखल, कडेने नारळ-पोफळी, आंबा-फणस, मध्ये केळीची दाटी, अशी या वाडीची रचना होती. बावखलात पावसाचे पाणी साठे आणि जमिनीत मुरे. समुद्र जवळ असूनही विहिरी गोड राहत त्या यामुळे.

ही रचना पिकासाठी होती, पण तिने एक हवामान निर्माण केले होते. नागवेलीला विरळ सावली, दमट हवा, जोराच्या वाऱ्यापासून आडोसा आणि पाणी न साचणारी जमीन लागते. यादी वाचताना आमरीचा जाणकार थबकेल, कारण शेवटचा मुद्दा थोडा ताणला तर हीच आमरीची गरज आहे. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पानवेल जोपासली, त्याला सावली किती असावी, ओल किती असावी याचे हातातले ज्ञान होते. आंब्याच्या फांदीवर सुंभाने बांधलेली आमरी अशा वाडीत कोणत्याही निगराणीशिवाय जगू शकते. पावसाळ्यात तिला पाऊस मिळतो, उन्हाळ्यात पालवीची सावली आणि शिंपणाने दमट झालेली हवा. तिच्यासाठी ‘संगोपन’ हा शब्दही जड वाटावा.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली आणि या बागायतीला मुंबईचा बाजार जोडला गेला. १९३६ मध्ये विजेवरची गाडी विरारपर्यंत आली. मोगरा, सोनचाफा, जास्वंद अशी नाशवंत फुले पहाटेच्या गाडीने दादरला नेणे हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय झाला. परंतु जी रेल्वे फुले घेऊन गेली, तिनेच वस्ती आणली. १९९० मध्ये सिडकोकडे या भागाचे नियोजन सोपवले गेले. त्याआधीपासूनच विहिरींचे पाणी टँकरने विकले जात होते आणि वाड्या बिल्डरांच्या हाती जात होत्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, ते या पाण्यासाठी आणि या हिरवाईसाठी. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला.

लोकसंख्येचे आकडे येथे देण्याचे कारण असे, की त्यांतून घराचे बदललेले रूप कळते. या लाखो लोकांपैकी बहुतेकांचे घर म्हणजे इमारतीतील दोन-तीन खोल्या आणि लोखंडी जाळीची गॅलरी. तेथे आंब्याची फांदी नाही, बावखल नाही, दुपारच्या उन्हाला आडोसा नाही. सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि रात्रीही उष्णता सोडत राहते. पूर्वी वाडी जे आपोआप करीत होती, ते आता माणसाला जाणीवपूर्वक करावे लागते. घरातील ऑर्किडची ‘निगा’ नावाची गोष्ट या अर्थाने वाडी गेल्यानंतरची आहे.

प्रयोगशाळेतून दादरच्या बाजारात

दरम्यान ऑर्किडचा बाजारही बदलला होता. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अंकुरासाठी अन्नसाठा नसतो. एका शेंगेत लाखो बिया असूनही त्या का रुजत नाहीत, याचे कोडे फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये उलगडले: रुजण्यासाठी एका बुरशीची सोबत लागते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या पोषकद्रव्यावर, बुरशीविना, बी रुजवून दाखवले. १९६० मध्ये फ्रान्सच्याच जॉर्ज मोरेल यांनी शेंड्यातील ऊतीपासून एकाच झाडाच्या असंख्य प्रती करण्याची वाट दाखवली. या तीन शोधांनी ऑर्किड अरण्यातून कारखान्यात आले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. थायलंडमधील डेंड्रोबियमची जांभळी-पांढरी फुले आज लग्नमंडपांच्या सजावटीत आणि हॉटेलांच्या मेजांवर दिसतात, ती या वाटेने. भारतातही १९९६ मध्ये सिक्कीममधील पाक्योंग येथे ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले.

बाजारातून घरी येणाऱ्या झाडांत दोन प्रकार प्रमुख आहेत. एक, हे संकरित डेंड्रोबियम. दुसरा, रुंद पानांचा आणि फुलपाखरासारख्या फुलांचा फॅलेनॉप्सिस. पहिला उष्ण किनाऱ्यावर रमतो. भरपूर उजेड आणि खेळती हवा मिळाली तर वसईत तो वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलू शकतो. दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हे झाड फुलासह विकत आणले जाते, फुले दोन-तीन महिने टिकतात आणि नंतर कित्येक वर्षे फक्त पाने येत राहतात. मालक स्वतःला दोष देतो, खत बदलतो, शेवटी झाड शेजाऱ्याला देतो. खरे कारण तापमानाचे आहे. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढण्यासाठी काही आठवडे साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान लागते. उत्पादक ते काचघरात निर्माण करतात, वसईची दुपार मात्र हिवाळ्यातही तिशीच्या आसपास असते. डिसेंबर-जानेवारीतील गार रात्री हीच काय ती संधी. त्या काळात झाड बंद दिवाणखान्यात न ठेवता उघड्या खिडकीशी ठेवले, तर दांडा येण्याची शक्यता वाढते. एकेकाळी कोकणची आमरी इंग्लंडच्या भट्टीत मेली. आज थंडाव्यात घडवलेले झाड कोकणच्या भिंतीशी ताटकळत उभे असते. ‘ऑर्किड’ या एका नावाखाली अनेक पंचांगे दडलेली आहेत, हे लक्षात न आल्याने घडणारी ही जुनीच चूक आहे.

गॅलरीतील प्रश्न

वसईतील गृहसंगोपनाला आवश्यक साहित्य बाहेरून आणावे लागत नाही. नारळाचे सोडण, लोणारी कोळसा, वीटभट्टीवरील पक्क्या विटांचे तुकडे आणि बाजूंना भोके असलेली मातीची कुंडी एवढे पुरते. सोडण मात्र पावसाळ्यात फार काळ ओले राहते. त्यामुळे कोळसा व वीट यांचे प्रमाण अधिक ठेवणे इष्ट ठरते. कोवळे सकाळचे ऊन मिळेल अशी पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतर जाळीचे कापड लावण्यावाचून गत्यंतर नसते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पानांच्या बेचक्यात ते रात्रभर साचत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी घालणे हे कामच नसते. तेव्हा काम असते ते कुजणे थांबवण्याचे आणि कोवळी मुळे खाणाऱ्या गोगलगायी रात्री वेचण्याचे.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उपसा वाढल्याने किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी व बोअर मचूळ झाल्या. पानवेल गेली आणि केळी मागे सरली, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होते. आमरीच्या मुळांना क्षार मुळीच सोसत नाहीत. मुळांची टोके काळी पडतात, कोळशावर पांढरे पापुद्रे धरतात आणि झाड हळूहळू खंगते. ज्या भूजलासाठी वसईत आंदोलने झाली, त्याचीच अवस्था कुंडीतल्या त्या काळ्या टोकांत वाचता येते.

दुसरा प्रश्न वनाचा. वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. २००३ मध्ये तेथे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. अभयारण्यातून वनस्पती काढून नेणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. वन्यजातींच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला. त्याच्या सूचीत संपूर्ण ऑर्किडकुल समाविष्ट आहे. भारतीय कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींची स्वतंत्र सूची आली आणि तीत निळा वांडा, लाल वांडा व पॅफिओपेडिलम या ऑर्किडांना स्थान मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने या सूचींची फेरमांडणी केली. कोकणातील सर्वसामान्य आमरी त्या मूळ यादीत नव्हती. तिला संरक्षण मिळते ते ती उभी असलेल्या वनामुळे. त्यामुळे वनाबाहेर, रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यावर किंवा तोडल्या जाणाऱ्या झाडावर ती असेल, तर तिचा वाली कोणी नसतो.

पावसाळी सहलीत फांदीवरून ओरबाडून आणलेली आमरी गॅलरीत बहुधा एक-दोन वर्षे तग धरते. सालीला घट्ट चिकटलेली तिची मुळे ओढताना तुटलेली असतात. जुन्या कांडीतील साठ्यावर ती एकदा फुलतेही, आणि हेच मालकाची दिशाभूल करते. याउलट एखाद्या गृहसंकुलात वा रस्तारुंदीत जुने झाड तोडले जाते, तेव्हा त्याच्या फांदीवरील आमरी सालीच्या तुकड्यासह सोडवून, परवानगीने, आवारातील दुसऱ्या आंब्याला किंवा चाफ्याला सुती दोरीने बांधली, तर ती जगण्याची शक्यता पुष्कळ असते. हे काम पावसाच्या आरंभी करावे लागते, कारण नवी मुळे त्याच सुमारास फुटतात. दोरी पुढच्या वर्षापर्यंत कुजून जाते आणि तोवर मुळांनी साल धरलेली असते.

मचूळ बोअरला पर्याय म्हणून पन्हाळीचे पावसाचे पाणी पिंपात साठवण्याची रीत काही घरांतून आढळते. झाकलेले पिंप बाजारातल्या डेंड्रोबियमला व फॅलेनॉप्सिसला हिवाळाभर पुरवून वापरता येते. कोकणच्या पानगळी डेंड्रोबियमला त्यातील फारसे काही लागत नाही. पाने गळल्यापासून कळ्या दिसेपर्यंत अधूनमधून पहाटेचे दव आणि क्वचित एखादा शिडकावा, एवढ्यावर ते राहते.